आपोआप झालं

भिलाईच्या रिसालीतल्या त्या घरात ई-रीडर आजींचा होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचा सगळा घोळ आबांना त्याचा विसर पडल्यामुळे झाला.

आजी मूळच्या गोंदियाच्या. लग्न होऊन भिलाईत आल्या त्या कायमच्याच. इथं पोटापाण्याची ददात नव्हती. प्लांटचं क्वार्टर होतं, सेक्टर नऊचं हॉस्पिटल होतं, रविवारी पोरांना न्यायला मैत्री बाग होती. ददात होती ती मराठी पुस्तकांची. ती मिळायची अडीचशे किलोमीटरवरच्या नागपुरात. तिकडे जाणं झालं की सीताबर्डीवरून पिशवी भरून आणायची आणि पुढच्या फेरीपर्यंत पुरवून पुरवून वाचायची, असा अनेक वर्षांचा शिरस्ता. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बारीक टाइप झेपेना, तेव्हा लेकीनं हे यंत्र आणून दिलं. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, आणि ओळीवर बोट दाबून धरलं की तिथंच चार शब्द लिहिताही येतात. या दुसऱ्या सोयीनं आजींना वेडच लावलं. रोज पहाटे ज्ञानेश्वरीच्या पाच-सात ओव्या आणि प्रत्येकीवर स्वतःची नोंद. 'आई हे वेगळं सांगायची.' 'इथं माऊली रागावल्यासारखी वाटते.' एका ठिकाणी नुसतंच 'नाही पटलं.' कुणाला दाखवायला नव्हे. पण त्या नोंदी म्हणजे आजींचं दोन वर्षांचं पहाटेचं आयुष्य होतं.

आबा रेल मिलचे निवृत्त फोरमन. भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार १९५५ मध्ये सोव्हिएत रशियाशी झाला आणि पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली, ही तारीख आबांना स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्की पाठ. आता तिथल्या नव्या मिलमधून १३० मीटरचा अखंड रूळ निघतो आणि दोन जोडून २६० मीटरचा होतो, हे सांगताना त्यांना अभिमानही वाटतो आणि थोडी असूयाही. त्यांच्या उमेदीत तेरा मीटरचे रूळ असायचे. पण आबांची खरी ख्याती होती ती लॉगबुकाबद्दल. मिल थांबली की किती मिनिटं थांबली आणि तो 'डिले' कोणाच्या खात्यावर टाकायचा, मेकॅनिकलच्या, इलेक्ट्रिकलच्या की ऑपरेशनच्या, यावर पाळी बदलताना जी घासाघीस चालायची ती कोणत्याही मिलमध्ये काम केलेल्याला ठाऊक आहे. लाल रूळ वाट सोडून वळवळत बाहेर आला, म्हणजे कॉबल झाला, की तर प्रत्येक जण दुसऱ्याच्या खात्याकडे बोट दाखवणार. आबांच्या पाळीत हे चालत नसे. नवीन पोरगा आला की ते त्याला आधी लॉगबुक दाखवायचे. पानांवर छापील आकडे. चुकीचं लिहिलंस तर एका रेघेनं काट, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही कर. खाडाखोड चालेल. पान फाडलेलं दिसलं तर माझ्यासमोर येऊ नकोस.

आजींची पुस्तकं यंत्रात भरायचं काम या आबांकडे होतं. त्यासाठी त्यांनी कॉम्प्युटरवर कॅलिबर नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम घेतला होता. कोविद गोयल या भारतीय माणसानं तो २००६ मध्ये लिहायला घेतला, कारण सोनीचं ई-रीडर त्याच्या लिनक्सवर चालेना. हे आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला अशा थाटात सांगायचे की कोविद गोयल त्यांच्याच पाळीत शिकून गेला असावा.

एका शनिवारी आजी म्हणाल्या, "ते एक पुस्तक तेवढं टाकून द्या." पुस्तक मिनिटाभरात गेलं. पण तिथून उठतील तर ते आबा कसले! त्यांना दिसलं की आजींची तीनशेवर पुस्तकं एकाच ढिगात पडली आहेत. संतवाङ्मयाला लागून रहस्यकथा, तिला लागून मधुमेहावरचं पुस्तक. कोणी मागितली नसताना केलेली मदत माणसाला फार गोड लागते. आबांनी दुपारभर बसून सगळ्यांना खाती पाडून दिली आणि ती यंत्रावर चढवायचा हुकूम सोडला. पट्टी निम्म्यावर गेली आणि थांबली. खिडकी पांढरी पडली. वर 'नॉट रिस्पॉन्डिंग'. आबांनी चहा घेतला, येऊन पाहिलं, पट्टी तिथंच. शेवटी टास्क मॅनेजर उघडून त्यांनी प्रोग्रॅमला 'एन्ड टास्क' दिला.

इथवर काहीच बिघडलं नव्हतं. खरंच नव्हतं.

मग त्यांनी यंत्राच्या आत डोकावून पाहिलं. लपवलेल्या फाईली दिसायची सोय भाच्यानं कधीतरी करून ठेवली होती. तिथं एक मोठी फाईल होती, आणि तिच्या शेजारी तिच्याच नावाची दुसरी, शेवटाला एक आडवी रेघ आणि 'जर्नल' असं शेपूट. एकाच नावाच्या दोन फाईली कशाला? काम अडकल्यामुळे राहिलेला कचरा असणार. आबांनी शेपटीवाली पुसली. बाहेरून जोडलेल्या यंत्रावरचं पुसलेलं रिसायकल बिनमध्येही जात नाही. मग शिस्तीत 'सेफली रिमूव्ह' म्हणून केबल काढली आणि यंत्र आजींच्या हाती दिलं.

आजींनी सुरू केलं. गोल फिरणारी खूण फिरत राहिली, मग यंत्र बंद पडून पुन्हा सुरू झालं, पुन्हा खूण. तिसऱ्यांदा पडदा उजळला तेव्हा पुस्तकांची यादीच नव्हती.

"काय केलं तुम्ही?"

"मी? काही नाही. मघाशी लाइट गेली नाही का? झटका बसला असेल."

लाइट मघाशी खरंच लुकलुकली होती. खोटं उभं राहायला तेवढ्या खऱ्याचा टेकू पुरतो.

झटक्याचा शोध सुरू झाला. केबल संशयित ठरली; सिव्हिक सेंटरवरून नवी आणली. मग कॉम्प्युटरचं पोर्ट. मग चार्जर. सोमवारी पुण्याच्या भाच्याला फोन लावला. तो ऑफिसात कामात होता, आणि कामात असलेल्या माणसाकडे उपाय नेहमी तयार असतो. "मामा, वीज गेल्यामुळे झालं असेल तर फर्मवेअर बिघडलं असणार. मी अपडेट पाठवतो, ते यंत्रात टाका. नाही जमलं तर सरळ रिसेट मारा." आबांनी अपडेटची ती भलीमोठी फाईल यंत्रात टाकली. फरक पडला नाही. रिसेटला मात्र आजी आडव्या आल्या.

"पुस्तकं येतील हो परत. माझ्या नोंदी कुठून येतील? पोराच्या मुंजीची कॅसेट अशीच गेली, बुरशी खाऊन. या घरात जपून ठेवलेलं काही राहतच नाही बापा."

आबा पंख्याकडे पाहत राहिले.

सुपेल्यात एका गाळ्यात लॅपटॉप दुरुस्त करणारा एक पोरगा आहे. लॅपटॉप हे त्याचं पाटीवरचं काम. पोटाचं काम वेगळंच. लग्नाचे फोटो काढणारे दुर्ग-राजनांदगावपासून त्याच्याकडे मेमरी कार्डं घेऊन धावत येतात. हाताखालच्या माणसानं दुसरं लग्न शूट करायला पहिल्याचं कार्ड फॉरमॅट केलं, सप्तपदी गेली, आता काढून दे. दोघं त्याच्याकडे गेले. त्यानं छापील जॉबकार्ड ओढलं. 'शिकायत'च्या रकान्यात लिहिलं, 'चालू नहीं हो रहा'. 'कारण'च्या रकान्यापाशी पेन थांबवून विचारलं, "बाबूजी, उस टाइम क्या कर रहे थे?"

"कुछ नहीं. लाइट गई थी."

त्यानं ते लिहून घेतलं. चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

पहिलं काम त्यानं जे केलं ते पाहून आबांना तो आवडला. यंत्र दुरुस्त करायला त्यानं हातच लावला नाही. आधी त्यातल्या साठवणुकीची अथपासून इतिपर्यंत नक्कल काढली, रिकामी दिसणारी जागासुद्धा. मूळ यंत्र पिशवीत घालून बाजूला ठेवलं आणि जे करायचं ते नकलेवर. मोठी फाईल त्यानं कच्च्या अक्षरांत उघडली. सुरुवातीच्या सोळा घरांत तिची ओळख शाबूत होती: 'एसक्यूलाइट फॉरमॅट ३'. हे बघा, म्हणाला, पुस्तकं सगळी जागेवर आहेत; मोडलीय ती यादी आणि नोंदींची वही. ती सगळी या एका फाईलीत असते. रिचर्ड हिप नावाच्या अमेरिकन माणसानं नौदलाच्या एका विनाशिकेसाठीच्या कामातून २००० साली हा डेटाबेस उभा केला. आता तो तुमच्या-आमच्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहे. मग त्यानं फाईलीची तपासणी करणारी आज्ञा दिली. सगळं ठीक असेल तर ती एका शब्दात 'ओके' म्हणते. इथं तक्रारींच्या ओळीच ओळी खाली धावल्या.

पोरगा खुर्चीत मागे रेलला. "पण एक समजत नाही, बाबूजी. नुसती लाइट गेल्यानं हे होत नाही."

"म्हणजे?"

"हा डेटाबेस लाइट जाणार हे धरूनच बनवलाय. कोणतंही पान बदलायच्या आधी तो त्या पानाचा जुना मजकूर शेजारच्या एका फाईलीत उतरवून ठेवतो. जर्नल म्हणतात तिला. मग पान बदलतो. काम पुरं झालं की जर्नल आपणच पुसतो. मधेच वीज गेली, प्रोग्रॅम मेला, कोणी मारला, तरी हरकत नाही. पुढच्या वेळी उघडताना त्याला जर्नल दिसतं, तो समजतो की काम अर्धवट राहिलंय, आणि जुनी पानं परत जागेवर लावतो. कोणाला कळतही नाही काही झालं होतं. इथं पानं अर्धवट बदललेली आहेत, आणि जर्नल नाही. कुठं गेलं?"

आबांना पुढचं सांगायची गरज नव्हती. जुनी स्थिती आधी लिहून ठेवायची आणि मगच यंत्राला हात घालायचा, हे ते नोकरीभर पोरांना शिकवत आले होते. पाळीचा माणूस बदलला तरी लॉगबुक वाचून पुढच्याला कळायचं की गोष्ट कुठवर आली होती. पांढरी पडलेली ती खिडकी, 'एन्ड टास्क', सगळं माफ होण्यासारखं होतं. त्यांनी लॉगबुकाचं पान फाडलं होतं. वर दोन दिवस सगळ्यांना केबली तपासायला लावलं होतं.

आजी शेजारच्या स्टुलावर बसून पडद्याकडे पाहत होत्या. आबांनी पोराच्या हातचं पेन मागून घेतलं. जॉबकार्ड आपल्याकडे वळवलं. 'लाइट गई थी' वर एक सरळ रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. बाजूला आद्याक्षरं घातली, तारीख घातली, आणि वर हिंदीत लिहिलं की प्रोग्रॅम मी बंद पाडला आणि जर्नल फाईल मी पुसली. कार्ड त्यांनी पोराकडे न देता आजींपुढे सरकवलं.

आजींनी चष्मा लावून सावकाश वाचलं. "लाइटीचं काहूनच सांगितलं मग?" एवढंच म्हणाल्या. आबांकडे उत्तर नव्हतं, आणि त्यांनी ते बनवलंही नाही.

पोरगा मात्र खुशीत आला. रागावणं सोडाच, त्यानं ड्रॉवरमधून जुन्या जॉबकार्डांचा गठ्ठा काढून आबांसमोर आपटला. "देखिए बाबूजी." कारणाच्या रकान्यात बहुतेक कार्डांवर एकच वाक्य होतं: 'अपने आप हो गया'. कार्ड अपने आप फॉरमॅट झालं, फोन अपने आप पाण्यात पडला. "सांगतात तेव्हा अर्धा दिवस वाचतो. नाही सांगत, तर मी भुतामागे फिरतो." मी त्या पोराच्या बाजूचा आहे. डॉक्टर, वकील आणि दुरुस्तीवाला या तिघांना आपण पैसे देतो आणि वर चुकीची माहितीही देतो. त्यातला व्यवहार मला कधी उमगलेला नाही.

आता काय शोधायचं ते ठरलं. अशा यंत्रांच्या साठवणुकीत फाईल पुसली म्हणजे ती लगेच नाहीशी होत नाही. यादीतल्या तिच्या नावाच्या पहिल्या अक्षरावर 'पुसली' अशी खूण पडते आणि तिची जागा रिकामी धरली जाते. मजकूर तिथंच पडून असतो, दुसरं काही येऊन त्याच्यावर बसेपर्यंत. लग्नाचे फोटो परत येतात ते याच दयेवर. पोरानं पुसलेल्या फाईलींची यादी काढली आणि तीत जर्नलाची फाईल सापडली, शेपटासकट.

"यानंतर यंत्रात काही टाकलं होतं का?"

"अपडेट," आबा म्हणाले. या वेळी लगेच.

पोरानं जीभ चावली. भाच्याची ती भलीमोठी फाईल रिकाम्या जागेत पसरली होती, आणि जर्नलाचा मागचा भाग तिच्याखाली गेला होता. अपडेट सोमवारी टाकलं. शनिवारी संध्याकाळी आबा एक वाक्य खरं बोलले असते तर ते टाकायची वेळच आली नसती. हा हिशेब कोणी मोठ्यानं केला नाही.

जर्नलाचा वाचलेला भाग पोरानं आणखी एका नकलेशेजारी ठेवून डेटाबेस उघडला. जर्नलातल्या प्रत्येक पानाबरोबर पडताळणीचा एक आकडा असतो. तो जुळेनासा झाला की जुनी पानं परत लावणं तिथंच थांबतं. सुरुवातीची पानं जागेवर आली, पुढे थांबली. उरलेल्यासाठी त्यानं दुसरं हत्यार काढलं. एसक्यूलाइटमध्ये 'रिकव्हर' नावाची आज्ञा आहे. ती मोडलेली फाईल पानापानानं खरवडते आणि जे हाती लागेल ते नव्या फाईलीत भरते. ज्या नोंदींचं मूळ ठिकाण कळत नाही त्या ती एका वेगळ्या तक्त्यात टाकते, आणि त्या तक्त्याचं नावच 'लॉस्ट अँड फाउंड' आहे. रेल्वे स्टेशनवर असतं तसं.

यंत्र हाती आलं ते पुढच्या आठवड्यात. पुस्तकं सगळी होती. नोंदी बहुतेक होत्या, आपापल्या ओवीवर. थोड्या गेल्या त्या गेल्याच. आणि साठ-सत्तर नोंदी अशा होत्या की मजकूर आहे पण ती कोणत्या ओवीवरची ते कळत नाही. त्या पोरानं कागदावर छापून दिल्या. आजींनी दुकानातच चाळायला घेतल्या. 'आई हे वेगळं सांगायची.' काय वेगळं? कशाबद्दल? 'नाही पटलं.' तेही त्यातच होतं, आणि आता त्यांना आठवेना की आपल्याला काय पटलं नव्हतं.

"पुन्हा वाचावं लागेल सगळं," आजी म्हणाल्या. तक्रार होती की बेत, ते कळायला मार्ग नव्हता.

पोरानं जाताना दोन गोष्टी सांगितल्या. एक, त्या मोठ्या फाईलीची नक्कल दर महिन्याला कॉम्प्युटरवर काढून ठेवा, आणि काढताना कॅलिबर बंद असू दे. शेजारी जर्नल दिसलं तर दोन्ही मिळून उचला, एकटी नको. दुसरी, पट्टी थांबली तर थांबू द्या, जेवून या. पैसे त्यानं ठरल्याप्रमाणेच घेतले, एक रुपया कमी केला नाही. आबांनी कमी करा म्हटलंही नाही.

परतीच्या ऑटोत आजी कागद मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पॉवर हाऊसच्या बाजूनं ट्रॅफिक तुंबला होता. आबा बराच वेळ समोरच्या ट्रकच्या मागचं वाचत होते.

"एक सांगायचं होतं," ते म्हणाले. "त्या मुंजीच्या कॅसेटचं."

आजींनी मान वळवली.

"९ मार्च १९९६. बंगळूरला वर्ल्ड कपची क्वार्टर फायनल होती, पाकिस्तानबरोबर. घरात कोरी कॅसेट नव्हती. मी म्हटलं, सुरुवातीची थोडी रिकामी असेल..."

ऑटो जरा पुढे सरकला आणि पुन्हा थांबला.

"म्हणजे बुरशी नव्हती," आजी म्हणाल्या.

"नव्हती."

"पूर्ण मॅच?"

"जडेजानं वकारला धुतलं ते सगळं आहे. मागे मंगलाष्टकांचा शेवट राहिलाय थोडा. कॅसेट आहे अजून, माळ्यावर. तो पोरगा कॅसेटीचंही काम करतो का, ते विचारायला पाहिजे होतं."

आजींनी ऑटोवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. "भैया, गाडी वापस लो. सुपेला."